बॅट पुढे होती, पण गेली का? एका बंटचं प्रकरण

बेसबॉलचा सामना. सातव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगचा दुसरा अर्धा डाव. ४-४ अशी बरोबरी. एक बाद, तिसऱ्या बेसवर रनर, बॅटरवर दोन बॉल आणि एक स्ट्राइक. पुण्यातल्या लॉ कॉलेज टेकडीच्या बाजूचं एक मैदान, डिसेंबरातली रविवारची सकाळ, साडेअकराचा सुमार. एकोणीस वर्षांखालच्या मुलांच्या दोन संघांमधला सामना. प्लेटच्या, म्हणजे बॅटरसमोर जमिनीत बसवलेल्या पाटीच्या, मागे एक ज्येष्ठ पंच आणि आत बेसवर मी, असे आम्ही दोघंच.

पिचरने हात वर नेले तसा उजव्या हाताचा बॅटर बंटसाठी वळला. वरचा हात बॅटवर निम्म्यापर्यंत सरकवला, बॅट आडवी करून प्लेटच्या पुढच्या कडेवर धरली आणि तशीच धरून ठेवली. चेंडू बाहेरच्या बाजूला, नडगीच्याही खाली आला. कॅचरने गुडघे टेकून तो छातीवर अडवला. बॅट चेंडूकडे ढकलली गेली नाही, आणि मागेही घेतली गेली नाही.

प्लेटवरून आवाज आला, "स्ट्राइक!"

म्हणजे मोजणी दोन-दोन: दोन बॉल, दोन स्ट्राइक. व्हायला हवं होतं तीन-एक. त्यानंतरच्या काही मिनिटांत जे घडलं त्याने सामना फिरला. त्यात चूक एकट्या प्लेटवरच्या पंचांची नव्हती. एक चूक माझी होती आणि ती मला अजून टोचते. म्हणून सगळं नीट लिहून काढतो आहे.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकांसाठी आधी थोडं. पिचर चेंडू टाकतो, कॅचर बॅटरच्या मागे तो झेलतो. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद, चार बॉल झाले की त्याला पहिला बेस फुकट. तीन बाद झाले की डाव संपतो. बंट म्हणजे बॅट न फिरवता चेंडूला नुसती लावायची आणि चेंडूचा जोर मारून तो जवळच पाडायचा. पिचर, कॅचर आणि बेसवरचे खेळाडू तो उचलायला धावेपर्यंत आपला रनर पुढे सरकतो. तिसऱ्या बेसवर रनर असेल तर एवढ्याने धाव निघते. त्या दिवशी प्रशिक्षकांनी दिलेली खूण तीच होती: बंट खाली पडला तरच रनरने होमकडे, म्हणजे प्लेटकडे सुटायचं.

आता बॅटर बंटसाठी वळला, पण चेंडूला बॅट लागली नाही, तर पंचाने काय पाहायचं? चेंडू स्ट्राइक झोनमधून गेला असेल तर प्रश्नच नाही. बॅट कुठेही असो, तो स्ट्राइक. झोनची रुंदी प्लेटइतकी, १७ इंच. वरची रेघ खांद्यांचा माथा आणि पँटची वरची कड यांच्या मधोमध, खालची गुडघ्याच्या वाटीखालच्या खळग्यापाशी. चेंडूचा कुठलाही भाग या चौकटीच्या कुठल्याही भागातून गेला की पुरे. इथे एक गोष्ट बरेच जण विसरतात. ही चौकट मोजायची ती बॅटर फटका मारायला सज्ज उभा असतानाची. बंटसाठी तो गुडघ्यांत वाकला म्हणून चौकट त्याच्याबरोबर खाली बसत नाही. पंच नवे असतात तेव्हा बंटच्या वेळी हमखास वरचा चांगला चेंडू 'उंच' म्हणून सोडून देतात, कारण बॅटरचं डोकं खाली आलेलं असतं.

आमचा चेंडू मात्र झोनच्या कितीतरी बाहेर होता, त्याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. मग एकच प्रश्न उरतो: बॅटरने चेंडूवर प्रयत्न केला का?

स्ट्राइकच्या व्याख्येत सात प्रकार दिले आहेत. बाहेरच्या चेंडूच्या बाबतीत कामाचा आहे तो पहिला: बॅटरने चेंडूवर बॅट चालवली आणि तो हुकला. बॅट 'चालवली' म्हणजे किती चालवली, मनगट कुठवर वळलं, बॅटचं टोक प्लेटच्या पुढे गेलं का, यातलं काहीही अधिकृत बेसबॉल नियमांमध्ये लिहिलेलं नाही. ते पंचाच्या नजरेवर सोडलं आहे. बंटची व्याख्याही एका वाक्याची आहे: बॅट न फिरवता, जाणूनबुजून चेंडूला लावून, तो इनफिल्डमध्ये, म्हणजे बेसजवळच्या आतल्या भागातच, हळू टोलवणं. 'जाणूनबुजून' हा शब्द मला त्यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बॅट कुठे आहे यापेक्षा बॅटर तिचं काय करतो आहे, हे तो शब्द विचारतो.

म्हणून बेसबॉलमध्ये बॅट प्लेटवर नुसती धरून ठेवणं हा प्रयत्न धरत नाहीत. अमेरिकेतल्या शाळांच्या बेसबॉल नियमावलीत तर हे स्पष्ट शब्दांत छापलं आहे की, बॅट स्ट्राइक झोनमध्ये नुसती धरणं म्हणजे बंटचा प्रयत्न नव्हे. बॅट चेंडूच्या दिशेने गेली पाहिजे. चेंडू खाली पडतोय म्हणून बॅटचं टोक त्याच्यामागे खाली गेलं, बाहेर जातोय म्हणून हात लांबले, तर प्रयत्न झाला. तसं काही नसेल तर बॅटर फक्त उभा होता.

हे आपल्याकडे कुणाला परकं वाटायला नको. लेग बाय देताना क्रिकेटचा पंच हेच पाहतो. चेंडू पॅडला लागून गेला, पण फलंदाजाने खेळायचा प्रयत्न केला होता का, किंवा चेंडू चुकवायचा तरी? दोन्ही नसेल तर धाव नाही. ऑफ स्टंपच्या बाहेर पॅडवर आदळलेल्या चेंडूवर पायचीत देतानाही पहिला प्रश्न तोच, खेळायचा खरा प्रयत्न होता की बॅट पॅडमागे लपवली होती. गल्लीत टेनिसच्या चेंडूवर खेळतानाही पोरं "खेळलाच नाही तो!" म्हणून भांडतात. बॅटच्या जागेवरून नव्हे, हालचालीवरून हेतू ओळखायचा, ही नजर आपल्या अंगात आहे.

मग तीस वर्षं मैदानावर उभ्या असलेल्या पंचांकडून असं का व्हावं?

त्याचं उत्तर प्रशिक्षकांनी मिळवलं, पण त्यांना ते कळलं नाही. स्ट्राइक दिल्यावर ते लगेच डगआउटमधून आले. तावातावाने नाही, हात मागे बांधून.

"सर, तो मारतच नव्हता. बॅट हलली कुठे?"

"बॅट प्लेटवर होती," पंच म्हणाले. "मागे घेतली नाही. मागे घेतली नाही की स्ट्राइक."

"पण सर, तो चेंडू किती खाली होता! मुलगा बंट करणारच नव्हता त्यावर."

"मी पाहिलं ते सांगितलं. चला, खेळ सुरू करा."

प्रशिक्षक मान हलवत परत गेले. मी पंधरा-वीस पावलांवर उभा होतो आणि शब्दन् शब्द ऐकला होता.

त्या संवादात काय झालं ते नीट पाहायला हवं, कारण हे प्रकरण तिथेच उभं आहे. पंच जर म्हणाले असते, "मला बॅट चेंडूकडे गेलेली दिसली," तर विषय संपला असता. ती नजरेची बाब. बॉल की स्ट्राइक, फेअर की फाउल, सेफ की आउट, या निर्णयांवर नियम ८.०२ प्रमाणे पंचाचा शब्द शेवटचा. त्यावर वाद घालता येत नाही. त्यांची नजर चुकली असती तरी निर्णय कायम राहिला असता. पण ते म्हणाले, "मागे घेतली नाही की स्ट्राइक." हे पाहणं नव्हतं, हा नियम सांगणं होतं. आणि तो नियम बेसबॉलमध्ये नाही. निर्णय नियमाला धरून नाही अशी रास्त शंका असेल, तर प्रशिक्षकाला त्याच पंचाकडे दाद मागता येते, हेही त्याच ८.०२ मध्ये आहे. एकच चुकीचा स्ट्राइक, पण एका कारणाने दिला तर हात लावता येत नाही आणि दुसऱ्या कारणाने दिला तर तिथल्या तिथे दुरुस्त होतो. प्रशिक्षकांच्या हातात दुसरं कारण आलं होतं, आणि ते पहिल्यावर वाद घालत बसले. "सर, मागे घेतली नाही म्हणून स्ट्राइक, हे कुठल्या नियमात आहे?" एवढं एक वाक्य हवं होतं.

तो नियम आला सॉफ्टबॉलमधून. पुण्यात आमच्यापैकी बहुतेक पंच दोन्ही खेळ करतात. सकाळी बेसबॉल, दुपारी मुलींचा सॉफ्टबॉल, असा रविवार असतो. आमचे ज्येष्ठ पंच तर मुळातले सॉफ्टबॉलचेच. त्यांनी ज्या पुस्तकातून अभ्यास केला त्या अमेरिकी शालेय सॉफ्टबॉल नियमावलीत नेमकं उलटं आहे: बॅट स्ट्राइक झोनमध्ये धरून ठेवणं हाच बंटचा प्रयत्न मानायचा, आणि चेंडू सोडायचा असेल तर बॅटरने बॅट चेंडूपासून मागे ओढून घेतली पाहिजे. मला त्यामागचं शहाणपण कळतं. सॉफ्टबॉलमध्ये बेस ६० फुटांवर, इथे ९० फुटांवर. छोट्या मैदानात बंट हे नेहमीचं हत्यार, दर इनिंगला दोन-तीनदा पंचाला हेतू ओळखत बसावं लागलं तर खेळ भांडणांतच जाईल. तिथे बॅटरवर जबाबदारी टाकली, पंचाचं काम सोपं झालं. पण हे त्या घरचं झालं. दोन घरांचं मीठ एकाच डब्यात ठेवलं की भाजी खारट होते, तसं झालं.

आता माझी चूक. त्याच ८.०२ मध्ये असंही आहे की, निर्णय देणाऱ्या पंचाने विचारल्याशिवाय दुसऱ्या पंचाने त्या निर्णयावर टीका करू नये, तो फिरवायचा प्रयत्न करू नये, त्यात लुडबुड करू नये. मी हे वाक्य नव्या पंचांना स्वतः शिकवतो. त्या क्षणी तेच माझ्या डोक्यात आलं आणि मी जागचा हललो नाही. आज मला वाटतं, मी त्या वाक्याच्या मागे लपलो. सहकाऱ्याच्या नजरेत ढवळाढवळ करायची नाही हे खरं. पण नियमाचीच चूक कानावर पडली, तर वेळ मागून, शांतपणे चालत जाऊन, मुलांना पाठ करून, "सर, एक मिनिट, हा सॉफ्टबॉलचा नियम आहे," एवढं सांगणं म्हणजे निर्णय फिरवणं नव्हे. फिरवायचा की नाही ते त्यांनीच ठरवलं असतं. ते वयाने मोठे, मला अरे-तुरे करणारे, पंचगिरीचं पहिलं शिक्षण त्यांच्याच हाताखाली झालेलं. मी गप्प बसण्यात नियमाचा आदर किती आणि भीड किती, हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारलं आहे. भीड जास्त होती.

त्यांनी मला विचारलं असतं तरी बॅट गेली की नाही हे मला सांगता आलं नसतं, हेही खरं आहे. दोन पंचांच्या पद्धतीत एकट्या तिसऱ्या बेसवरच रनर असेल तेव्हा बेसवरचा पंच डायमंडच्या, म्हणजे चार बेसच्या चौकोनाच्या आत, पिचरच्या मागे, तिसऱ्या बेसच्या अंगाला उभा राहतो. तिथून मी बॅटरला जवळजवळ समोरून पाहत होतो. बंटसाठी बॅट ढकलली तर ती माझ्या दिशेने येणार, आणि समोरून येणारी वीतभर हालचाल डोळ्याला कळत नाही. प्लेटवरच्या पंचांना तीच हालचाल मागून, दूर जाताना दिसते. म्हणजे आम्ही दोघंही एकाच रेषेच्या दोन टोकांना होतो, आणि बाजूने पाहणारं कुणीच नव्हतं. क्रिकेटमध्ये स्टंपिंगसाठी स्क्वेअर लेगला पंच का लागतो, त्याचं कारण हेच. चार पंच असतील तर पहिल्या आणि तिसऱ्या बेसच्या रेषेवरचे पंच हे काम करतात: उजव्या हाताच्या बॅटरसाठी पहिल्या बेसकडे विचारायचं, डावखुऱ्यासाठी तिसऱ्याकडे. आपल्याकडे चार पंच मिळतात कुठे?

आणि विचारण्याचीही एक दिशा आहे. प्लेटवरून 'बॉल' दिला असेल तरच कॅचर किंवा प्रशिक्षक बेसवरच्या पंचाला विचारायची मागणी करू शकतात, आणि मागणी केली की प्लेटवरच्या पंचाला विचारावंच लागतं. 'स्ट्राइक' दिला असेल तर अशी मागणी करता येत नाही. म्हणून शंका असेल तेव्हा प्लेटवरच्या पंचाने 'बॉल' म्हणावं, असं मला मनापासून वाटतं. 'बॉल'नंतर दुरुस्तीची वाट उघडी असते, 'स्ट्राइक'नंतर ती बंद होते.

मैदानावर परत येऊ. दोन-दोन झालं. प्रशिक्षक रागात डगआउटला पोहोचले आणि बंटची खूण रद्द करायची राहून गेली. पंचांनीही वादानंतर बोटांनी मोजणी दाखवली नाही. डाव्या हाताने बॉल, उजव्याने स्ट्राइक, हे अशा वेळी दाखवायलाच हवं होतं. मुलाने खुणेकडे पाहिलं, खूण तीच होती. पुढचा चेंडू चांगला आला, त्याने बंट केला आणि चेंडू तिसऱ्या बेसच्या रेषेबाहेर घरंगळला. फाउल.

साधा फटका फाउल गेला असता तर दोन-दोनच राहिलं असतं. पण दोन स्ट्राइक असताना बंट फाउल गेला की बॅटर बाद. याला जुना इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात काही बॅटर चेंडूला नुसती बॅट लावून एकामागून एक चेंडू फाउल घालवायचे, पिचर दमेपर्यंत. त्यावर तोड म्हणून १८९४ साली फाउल बंटला स्ट्राइक धरायचं ठरलं. इतर फाउल फटक्यांना पहिल्या दोन स्ट्राइकपर्यंत मोजायला अमेरिकेच्या नॅशनल लीगने १९०१ मध्ये आणि अमेरिकन लीगने १९०३ मध्ये सुरुवात केली. फटका मारणाऱ्याला दोन स्ट्राइकनंतर मुभा राहिली, बंट करणाऱ्याला नाही. मला हा नियम योग्य वाटतो. बंट फाउल घालवत राहणं फार सोपं आहे.

मुलगा बाद. रनर तिसऱ्या बेसवर परत. आधीचा चेंडू बॉलच धरला असता तर मोजणी तीन-एकवरून तीन-दोन झाली असती आणि तो अजून प्लेटवर असता.

आता प्रशिक्षक पुन्हा आले आणि आता त्यांनी बरोबर प्रश्न विचारला. कुणीतरी डगआउटमध्ये त्यांना सुचवलं असावं. "सर, बॅट मागे घेतली नाही म्हणून स्ट्राइक, हे बेसबॉलच्या नियमात कुठे आहे?"

पंचांनी माझ्याकडे पाहिलं, हाताने बोलावलं. मी गेलो. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "काय रे, नाहीये का?"

"नाही सर. सॉफ्टबॉलमध्ये आहे."

ते काही क्षण मास्क हातात धरून उभे राहिले. मग प्रशिक्षकांना म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. पण त्यानंतर पिच झाला आहे. आता मागे जाता येत नाही." तेही खरंच होतं. नियमाबद्दलची दाद पुढचा चेंडू पडायच्या आत मागावी लागते, नाहीतर कुठल्याच सामन्याचा हिशेब लागणार नाही. पुढच्या बॅटरचा ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून गेलेला फटका, शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या खेळाडूने) उचलून पहिल्या बेसवर फेकला आणि इनिंग संपली. आठव्यात पाहुण्या संघाने एक धाव काढली, यजमानांना, म्हणजे त्या मुलाच्या संघाला, काढता आली नाही. ५-४.

संध्याकाळी एका पालकांनी पहिल्या बेसच्या कुंपणामागून मोबाइलवर घेतलेलं चित्रीकरण दाखवलं. तिथून बॅट अगदी आडवी, बाजूने दिसत होती. चेंडू येतो, खाली जातो, बॅट जागची हलत नाही. मी ते चार वेळा पाहिलं.

त्याआधी, सामना संपल्यावर, मैदानाबाहेरच्या टपरीवर आम्ही दोघं चहा घेत उभे होतो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पहिल्यांदाच का नाही आलास?" मी म्हटलं, "सर, तुम्ही बोलावलं नव्हतंत." त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्या नजरेपुढे माझ्या उत्तराला काही अर्थ राहिला नाही.

दोन गोष्टी आम्ही तेव्हाच ठरवल्या. सामन्याआधी दोघांनी पाच मिनिटं उभं राहून बोलायचं आणि त्यात आज कुठला खेळ आहे, बंटला इथे काय नियम आहे, हे तोंडाने म्हणायचं. वेडेपणा वाटेल, पण दुपारी दुसऱ्या मैदानावर जाणाऱ्या माणसाला ते लागतं. दुसरं म्हणजे, नियमाची चूक ऐकली तर न बोलावता वेळ मागून जवळ यायचं. नजरेची असेल तर बोलावल्याशिवाय नाही. ते स्वतः एका सकाळी चार-पाच नव्या पंचांना घेऊन मैदानावर आले, एका मुलाला बंटच्या पवित्र्यात उभं केलं आणि सगळ्यांना आळीपाळीने प्लेटमागे उभं करून चेंडू टाकायला लावले. प्रत्येक चेंडूनंतर एकच प्रश्न: गेली का? 'मागे घेतली का' असं कुणी म्हटलं की ते थांबवायचे.

मुलांच्या प्रशिक्षकांना मात्र मी उलटं सांगतो. बेसबॉलचा नियम मागत नसला तरी मुलांना बॅट मागे ओढायला शिकवा. प्लेटमागून पाहणाऱ्याला ती हालचाल नक्की दिसते, नुसती धरलेली बॅट दिसतेच असं नाही.

फेब्रुवारीत आम्ही दोघं पुन्हा एकत्र होतो. बेसवर कुणी नव्हतं, म्हणून मी पहिल्या बेसमागे फाउल रेषेच्या बाहेर उभा. उजव्या हाताचा बॅटर बंटसाठी वळला, चेंडू खाली आणि बाहेर, बॅट प्लेटवर तशीच.

"बॉल. नाही गेली," प्लेटवरून आवाज आला.

कॅचर लगेच म्हणाला, "सर, विचारा ना."

त्यांनी डाव्या हाताने माझ्याकडे बोट केलं. मी दोन्ही हात आडवे पसरले. त्यांनी बोटांनी मोजणी दाखवली आणि पिचरला पुढचा चेंडू टाकायला सांगितलं.